कॅन्सरचे 15 लाख नवे रुग्ण: मोजलेले की मांडलेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर "देशात कॅन्सरचे 15 लाख नवे रुग्ण, धक्कादायक वाढ" ही बातमी वाचली, तिच्या शेजारच्या चौकटीत "बीड-धाराशिवमध्ये सर्वात कमी प्रमाण" हे पण वाचलं, आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. मी बीडची. म्हणजे माहेर बीड जिल्ह्यातलं, गेली चाळीस वर्षं पुण्यात, त्यातली सत्तावीस एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात क्लार्क म्हणून गेली, आता रिटायर आहे. केसपेपर लावायचे, फाइल शोधायच्या, फाइल सापडली नाही की बोलणी खायची, हेच केलं आयुष्यभर. डॉक्टरांना कॅन्सर कळतो तसा मला कळत नाही, पण कॅन्सरचा आकडा कुठून निघतो आणि वाटेत कुठं कुठं गळतो हे मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर कापा पण बीडचा भाग तेवढा ठेवा.

आधी हेडिंगचं बोलते. 15 लाख नवे रुग्ण असं वाचलं की माणसाला वाटतं, देशभरात कुणीतरी एकेक पेशंट मोजला, गावाची बेरीज तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला, असं करत करत दिल्लीत 15 लाख झाले. तसं नाहीये. आरोग्य मंत्रालयाने संसदेत दिलेले आकडेच घ्या: 2020 ला 13,92,179, 2021 ला 14,26,447, 2022 ला 14,61,427 आणि 2023 ला 14,96,972. आता कागद घ्या आणि वजाबाकी करा. पहिल्या वर्षी वाढ 34,268, दुसऱ्या वर्षी 34,980, तिसऱ्या वर्षी 35,545. किती शिस्तीत चढलाय बघा, जिन्याच्या पायऱ्या पण इतक्या एकसारख्या नसतात.

आणि आता आठवा की 2020 आणि 2021 साली काय चाललं होतं. लॉकडाऊन. एसटी बंद, ओपीडी बंद, निम्मे डॉक्टर कोविड वॉर्डात, गाठ लागली तरी माणसं घरात बसून, आमच्या रेकॉर्ड रूममध्ये नव्या फाइलींचा रॅक अर्धा रिकामा. हे फक्त माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही, देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांचा अभ्यास 2021 साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला त्यात स्पष्ट आहे की मार्च ते मे 2020 मध्ये नव्या पेशंटची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांच्या तुलनेत 54 टक्क्यांनी घटली, 1,12,270 वरून थेट 51,760. म्हणजे निदान होणारे पेशंट त्या काळात निम्म्यावर आले होते आणि देशाचा "नव्या रुग्णांचा" आकडा मात्र ठरलेल्या अडीच टक्क्यांनी वर सरकला, त्याला ना लॉकडाऊन दिसला ना काही. कसा दिसणार, तो आकडा मोजलेलाच नाही, मांडलेला आहे. 2012 ते 2016 या काळात काही ठरावीक ठिकाणी जे दर निघाले ते पुढच्या वर्षांच्या अंदाजित लोकसंख्येवर लावले की झालं. गणितच आहे ते.

आता यात लबाडी आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं छापू नका. आयसीएमआरने, म्हणजे हे आकडे काढणाऱ्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, कधीही लपवलेलं नाही, त्यांच्या प्रत्येक तक्त्यावर "अंदाजित" असं लिहिलेलं असतं, संसदेतल्या उत्तरात पण असतं. तो शब्द दिल्लीतून निघतो आणि तुमच्या हेडिंगपर्यंत पोचत नाही एवढीच माझी तक्रार आहे. कॅन्सर काही लॉकडाऊन बघून थांबत नाही त्यामुळे "एवढ्या लोकांना झाला असावा" असा अंदाज करणं बरोबरच आहे, पण "झाला असावा" आणि "निदान झालं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मधल्या जागेत माणसं असतात, ज्यांना झाला पण कळलाच नाही किंवा कळला तेव्हा उशीर झाला होता. बरं हा अंदाज पण सगळ्यांचा एक नाही. 2022 या एकाच वर्षासाठी आपल्या आयसीएमआरचा आकडा 14,61,427 आणि फ्रान्समध्ये लिऑनला जी आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे तिच्या ग्लोबोकॅन या जगभराच्या अंदाजातला भारतासाठीचा आकडा 14,13,316. फरक 48 हजारांचा. एका पेपरात हा येतो, दुसऱ्यात तो, आणि एखाद्याने गेल्या वर्षीचा हा आणि या वर्षीचा तो धरला की "वाढ" किंवा "घट" घरबसल्या तयार.

ही ठरावीक ठिकाणं कुठली ते पण सांगते कारण खरी गंमत तिथंच आहे. याला रजिस्ट्री म्हणतात, म्हणजे एका ठरलेल्या भागात राहणाऱ्या लोकांपैकी नव्याने कॅन्सर कुणाकुणाला झाला याची वही. देशातली पहिली आपल्या मुंबईची, 1963 सालची, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली. मग 1981 च्या शेवटी आयसीएमआरने राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि 1982 पासून मुंबई, बंगलोर, मद्रास अशा मोजणीला सुरुवात झाली. खेड्यातली पहिली रजिस्ट्री पण आपलीच, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची, 1987 ची. 2020 च्या ऑगस्टमध्ये आयसीएमआरचा जो मोठा रिपोर्ट आला, ज्याच्यावर तुमची चौकट बेतलेली आहे, त्यात अशा 28 रजिस्ट्र्या होत्या. त्यातल्या 7 महाराष्ट्रातल्या: मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड (तेव्हाची नावं लिहितेय). 11 ईशान्येकडच्या राज्यांतल्या. आणि उत्तर प्रदेशातली एक पण नाही, बिहारमधली एक पण नाही. अठ्ठावीसात शून्य. तरी संसदेतल्या राज्यवार तक्त्यात 2022 साली उत्तर प्रदेशापुढे 2,10,958 असा शेवटच्या माणसापर्यंतचा आकडा आहे, देशात सगळ्यात मोठा! त्यातला तो शेवटचा आठ कुठल्या मोहल्ल्यातून आला ते मला कुणी सांगावं. नंतरच्या काळात रजिस्ट्र्या वाढल्यात, 2015 ते 2019 च्या आकड्यांवरचा जो अभ्यास 2025 ला आला त्यात 43 होत्या, ही चांगली गोष्ट आहे, तरी अजून दहातले आठ भारतीय असे आहेत की ते राहतात तिथं ही वहीच नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते ठीक आहे, पण सगळा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजला असेल तर.

आता वही भरते कशी ते. आमच्याकडे महिन्यातून एकदा-दोनदा रजिस्ट्रीवाली यायची. आम्ही तिला रजिस्ट्रीवालीच म्हणायचो. तिशीतली मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा, एक पेन केसात खोचलेलं आणि ते शोधत बसायची. आपल्याकडे हॉस्पिटल स्वतःहून कळवत नाही, रजिस्ट्रीची माणसंच दारोदार फिरून गोळा करतात, हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, रेडिएशनचे विभाग, महापालिकेची मृत्यूनोंद, सगळीकडे. ती आली की मी पॅथॉलॉजीचं रजिस्टर पुढे ठेवायचे, ती बोट फिरवत फिरवत "पॉझिटिव्ह" बायोप्सी टिपायची आणि मग त्या नंबरच्या फाइली मी काढून द्यायच्या. फॉर्मवर नाव, वय, पत्ता, त्या पत्त्यावर किती वर्षं राहतात, निदानाची तारीख, कॅन्सर कुठल्या जागेचा, निदान कशावरून झालं, हे सगळं.

ऐकायला सोपं वाटतं. एक बाई आमच्याकडे "कमल" म्हणून आली, बायोप्सी बाहेरच्या लॅबला केली तिथं "कमलबाई", रेडिएशनला दुसऱ्या हॉस्पिटलात गेली तिथं आधार कार्डावरचं "कमळाबाई", एका ठिकाणी मधलं नाव नवऱ्याचं आणि एका ठिकाणी बरोबर आलेल्या भावाने बापाचं लिहिलं. वय एकीकडे 50, दुसरीकडे 55. मोबाईल नंबर तिन्हीकडे वेगळा कारण फोन जो बरोबर येईल त्याचा. या तिघी की एकच? रजिस्ट्रीवाली यासाठी तास न् तास घालवायची, कधी फोन करायची, कधी घरी जायची. पकडलं नाही तर एका बाईचे तीन नवे रुग्ण, आणि उगाच दोन वेगळ्या बायकांना एक समजलं तर एक गायब. वयाचं तर बोलायलाच नको, आमच्या रजिस्टरला पन्नास, पंचावन्न, साठ, पासष्ट याच वयाची माणसं आजारी पडायची, त्रेपन्न वर्षांचं कुणी क्वचितच. आणि पुढे तिकडे वयानुसार दुरुस्त करून दर काढतात म्हणे!

त्या दुरुस्तीबद्दल पण दोन ओळी लिहायलाच पाहिजेत कारण तुमच्या बातमीत ते पार निसटलंय. कॅन्सर हा मुख्यतः वयाचा आजार आहे. एका गावात म्हातारी माणसं जास्त आणि दुसऱ्यात तरणी पोरं जास्त असतील तर पहिल्या गावात कॅन्सर जास्त दिसणारच, त्याचा अर्थ तिथलं पाणी वाईट असा होत नाही. म्हणून दोन्ही गावांत वयाची वाटणी सारखी आहे असं धरून दर काढतात, तो तुलनेसाठी. लाखामागे सरळ किती, हा वेगळा दर, तो 2022 ला देशासाठी 100.4 असा अंदाजला होता. तुम्ही बातमीत एका वाक्यात हा आणि पुढच्याच वाक्यात तो वापरलाय. आणि केरळमध्ये आकडे मोठे का, तर तिथं म्हातारी माणसं जास्त आहेत, डॉक्टरकडे जायची सवय आहे आणि नोंद नीट होते, हे तिन्ही धरल्याशिवाय "केरळला कॅन्सरचा विळखा" लिहिणं म्हणजे जो मुलगा रोज शाळेत येतो त्याचेच खाडे मोजण्यासारखं आहे.

आता बीड. 2020 च्या त्या रिपोर्टात वयानुसार दुरुस्त केलेला पुरुषांचा दर सगळ्यात जास्त मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे 269.4, आणि सगळ्यात कमी उस्मानाबाद-बीडला, 39.5. बायकांचा सगळ्यात जास्त अरुणाचलच्या पापुमपारेला 219.8 आणि सगळ्यात कमी परत उस्मानाबाद-बीडला, 49.4. म्हणजे ऐझॉलच्या पुरुषांपेक्षा आमच्या पुरुषांना जवळजवळ सातपट कमी. आमच्या माहेरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तुमची चौकट कुणीतरी टाकली आणि खाली लगेच "बाजरीची भाकरी खातो आपण" "शुद्ध हवा" "गावरान तूप" वगैरे सुरू झालं, एकाने तर तंबाखू मळतानाचा स्वतःचा फोटो टाकला.

माझे थोरले मामा 2014 च्या दिवाळीनंतर पुण्याला माझ्याकडे आले. तंबाखू-चुना लहानपणापासून. गालाच्या आतल्या बाजूला चट्टा होता, त्याला गावात सहा महिने कसलं कसलं मलम लावत होते, आले तेव्हा तोंडात दोन बोटं जात नव्हती, भाकरी दुधात कुस्करून खायचे. मी आमच्याच हॉस्पिटलात दाखवलं. ओपीडीच्या खिडकीवर वय विचारलं तर म्हणाले "लिवा साठ". माझी आई तेव्हा सदुसष्टची होती आणि मामा तिच्यापेक्षा मोठे. पत्ता विचारला तेव्हा ते गावाचं नाव सांगायला लागले तर मी मध्येच बोलले आणि माझा पुण्याचा पत्ता दिला. का दिला? रिपोर्ट घरी यावेत म्हणून, फोन मला यावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर बाहेरगावच्या पेशंटला तारीख उशिराची मिळते अशी आमच्या स्टाफमध्ये एक उगाचची समजूत होती म्हणून. सगळे नातेवाइकांसाठी असंच करायचे. बायोप्सी झाली, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच.

पुढच्या महिन्यात रजिस्ट्रीवाली आली. रजिस्टरवर बोट फिरवत ती मामांच्या नंबरला आली, मी फाइल काढून दिली आणि तिने पत्ता वाचून मान वर केली. "मॅडम, हा तर तुमचा पत्ता." म्हटलं हो, मामा आहेत माझे. ती जरा थांबली, वाईट वाटलं तिला, मग फॉर्म पुढे घेतला कारण काम ते काम. "इथं किती वर्षं राहतात?" आणि मी कपातला चहा संपवत म्हणाले "झाली की दोन-तीन वर्षं". काहीच कारण नव्हतं तिच्याशी खोटं बोलायचं. खिडकीवर एक बोललोय तर इथं वेगळं कशाला, एवढंच डोक्यात. तिने लिहिलं, पेन केसात खोचलं, पुढचा नंबर.

नियम मला नंतर तिच्याकडूनच एकदा गप्पांत कळला, की त्या भागात किमान एक वर्ष राहत असेल तरच तो पेशंट त्या भागाचा धरायचा, नाहीतर त्याच्या मूळ गावाचा. बाहेरचा असेल तर ती माहिती तिकडच्या रजिस्ट्रीला कळवता येते, म्हणजे सोय आहे, सोय चांगली आहे, पण मी "दोन-तीन वर्षं" म्हटलं की सोयीने काय करायचं. तर साहेब, 2014 साली बीड जिल्ह्यातला एक पुरुष, वय सत्तरच्या वर, तोंडाचा कॅन्सर, हा पुण्याच्या वहीत साठ वर्षांचा पुणेकर म्हणून गेलाय. तो मी घातलाय. एका मामाने 39.5 चा दर हलत नाही हे मला कळतं. पण मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला, सोलापूरला, हैदराबादला उपचाराला जाणारा प्रत्येक दुसरा माणूस पुतण्याचा नाहीतर भाचीचा पत्ता लावतो हे माझ्या खिडकीवर मी वर्षानुवर्षं बघितलंय.

मामांना शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणाले, तीस शेक दिले रेडिएशनचे, नळीवर राहिले, चौदा महिन्यांनी गावी गेले. म्हणजे वारले. ग्रामपंचायतीत नोंद झाली, कारण काय लिहिलं तर काही नाही, डॉक्टरचा दाखलाच नव्हता. हे पण नेहमीचंच आहे, 2020 साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले फक्त 22.5 टक्के होते. शहरातल्या रजिस्ट्रीला मृत्यूच्या दाखल्यावरून तरी काही सुटलेले पेशंट सापडतात, गावात तो दरवाजा बंद. पुण्याच्या वहीत माझे मामा कदाचित अजून जिवंत असतील.

आमच्या गल्लीतली एक म्हातारी तर कुठल्याच वहीत नाही. पोटात गाठ होती, हाताला लागायची, मुलगा बीडला घेऊन जातो म्हणाला तर म्हणाली "आता कशाला चिरफाड". पंचायतीत वृद्धापकाळ. देशाच्या 15 लाखांत ती आहे का? अंदाजात असेलही, निदानात नाही.

पण इथं मला माझ्याच विरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे नाहीतर तुमचे डॉक्टर वाचक मला धरतील. सगळा फरक काही नोंद गळाल्यामुळे नाहीये. बार्शीच्या रजिस्ट्रीत माणसं टेबलावर बसून नाही तर गावोगाव जाऊन, लोकांत बसून, लक्षणं सांगून पेशंट शोधतात, सुरुवातीपासून तीच पद्धत आहे, आणि तिथंही दर शहरांपेक्षा बराच कमीच येतो. म्हणजे खेड्यात काही कॅन्सर खरंच कमी असणार. स्तनाचा कॅन्सर शहरात जास्त हे तर जगभर दिसतं, लग्न उशिरा, मुलं कमी, उशिरा, अशी कारणं सांगतात. ईशान्येत खरंच जास्त आहे, तिथं तंबाखूचं प्रमाण भयंकर आहे. त्यामुळे 39.5 हा आकडा खोटा असं मी म्हणत नाही. मी म्हणते त्यात दोन गोष्टी मिसळल्यात, रोग कमी आणि नोंद कमी, आणि किती कुठली हे वेगळं केल्याशिवाय चौकट करून शाबासकी देऊ नका. कारण मग जिल्ह्याला तपासणी कशाला, मशीन कशाला, सगळ्यात कमी आहे ना तुमच्याकडे! असं म्हणायला साहेब लोक टपलेलेच असतात.

आणि याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला काय दिलंय ते तुमच्या चौकटीत एक ओळ पण नव्हती. 1999 पासून तिथं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला, 30 ते 59 वयाच्या एक लाख तीस हजारावर बायका, 52 गट पाडून. 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला की आयुष्यात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, टेस्ट केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात. जगभरात हा अभ्यास मानतात. कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, हे वर्षानुवर्षं गावागावांत मोजलं म्हणून तो निकाल लागला, नाहीतर टेस्टचा उपयोग झाला की नाही हे कळणार कशावरून? आणि 2019-21 च्या एनएफएचएसमध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या देशात किती, 1.9 टक्के. स्तनाची 0.9. शंभरातली एक पण नाही.

तपासणी वाढली की काय होईल हे पण लिहून ठेवते, आकडा वाढेल. पाच वर्षांनी कळला असता तो आज कळेल, म्हणून एकदम उडी दिसेल, आणि तेव्हा तुम्ही परत "धक्कादायक" लिहाल. ती उडी चांगली असेल हो. आज 2020 च्या रिपोर्टप्रमाणे डोकं-मान भागाचे 66.6 टक्के आणि स्तनाचे 57 टक्के पेशंट आजार आसपास पसरल्यावर येतात, माझे मामा आले तसे.

ते नऊपैकी एकाचं पण सांगते. "दर नऊ भारतीयांपैकी एकाला कॅन्सर" असं तुम्ही मोठ्या टायपात दिलंय. आमच्या भिशीत आम्ही बरोब्बर नऊ जणी आहोत. संध्याकाळी ग्रुपवर "मग आपल्यातली कोण" अशी चर्चा सुरू झाली, एकीने तर दुसऱ्या दिवशी खरंच सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेतली (झालं ते चांगलंच झालं म्हणा). तो आकडा आज किती जणांना आहे याचा नाहीच, जन्मापासून चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत कधीतरी होण्याच्या शक्यतेचा आहे. दोन शब्दांनी फरक पडतो, "आयुष्यात कधीतरी".

आता उपाय. नोंदणी सक्तीची करा. कॅन्सरचं निदान झालं की हॉस्पिटलने, लॅबने कळवलंच पाहिजे असा देशभर लागू असलेला नियम आपल्याकडे नाही, त्रिपुरा, कर्नाटक, पंजाब, पश्चिम बंगाल अशा काही राज्यांनी आपापल्या पातळीवर केलाय. 2022 साली संसदेच्या आरोग्याच्या स्थायी समितीने हा देशभर करा अशी शिफारस केली. यावर नेहमीचं उत्तर की कॅन्सर संसर्गजन्य नाही, पसरत नाही, मग कळवायची सक्ती कशाला. अहो पसरतो म्हणून नाही, मोजायचा म्हणून. टीबीची सक्ती 2012 ला झाली आणि त्यानंतर खाजगी डॉक्टरांकडचे किती टीबी पेशंट सरकारला पहिल्यांदा दिसायला लागले ते कुठल्याही टीबी सुपरवायझरला विचारा. डेन्मार्कसारखा एवढासा देश 1943 पासून अख्ख्या देशाचे कॅन्सर मोजतोय.

नुसत्या सक्तीने होणार नाही हे पण मला माहितीये, सक्ती झाली की पहिला बोजा रेकॉर्डच्या क्लार्कवर पडतो, एक जास्तीचा फॉर्म आणि पगार तोच. पण आता महात्मा फुले योजनेत, आयुष्मानमध्ये एकेका केमोचं बिल कार्ड नंबरासकट चढवावं लागतं, पैशासाठी सगळी नोंद व्यवस्थित होते, कमल आणि कमळाबाई एकच हे तिथं बरोबर कळतं कारण नाही कळलं तर दोनदा पैसे जातील. तीच नोंद रजिस्ट्रीला द्या ना आपोआप. आणि रजिस्ट्रीत फिरणाऱ्या पोरींना कायम करा, दर वर्षी काँट्रॅक्ट, आमच्याकडे यायची ती तीन वर्षांनी निघून गेली आणि नवीन आलेलीला पॅथॉलॉजीचं रजिस्टर वाचायला शिकवण्यात माझेच सहा महिने गेले. शिवाय जनगणना, दर काढायचा तर खाली भागायला लोकसंख्या लागते आणि आपली शेवटची 2011 ची आहे, पुढची 2027 ला होतेय, तोपर्यंत वर पण अंदाज आणि खाली पण अंदाज.

तुमच्याकडून फार अपेक्षा नाहीये. कॅन्सरचा आकडा छापाल तेव्हा तो कुठल्या वर्षाचा आहे ते द्या, तुमच्या चौकटीतला बीडचा आकडा 2012 ते 2016 च्या काळातला होता आणि वाचणाऱ्याला वाटलं गेल्या महिन्यातला. नवे रुग्ण, एकूण जिवंत रुग्ण आणि मृत्यू हे तीन वेगळे आकडे आहेत, ते एकमेकांत घालू नका. आणि हेडिंगमध्ये "अंदाजे" हा शब्द टाका. जागा पुरत नसेल तर "धक्कादायक" काढा, अक्षरं जास्तच वाचतील.

आपली,
एक निवृत्त रेकॉर्ड क्लार्क, पुणे